सरदार कोण, स्वार कोण? पेंढाऱ्यांच्या टोळीतली सत्ता

(वाशिम येथे युवक शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. शेवटी दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, मला दिलेला विषय आहे, गुन्हेगारी टोळ्यांमधलं नेतृत्व. विषय ऐकल्याबरोबर तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर मुंबई आली असेल. डोंगरी, पायधुनी, हाजी मस्तान, करीम लाला, दाऊद. या नावांवर इतके सिनेमे आणि वेब सिरीज निघाल्या आहेत की आपल्याला सगळं माहीतच आहे असं वाटतं. मी मुंबईकडे शेवटी येणार आहे. सुरुवात मात्र आपल्या मातीपासून आणि दोनशे वर्षांपूर्वीपासून करतो. याचं कारण साधं आहे. मुंबईच्या भाईंचे इथे कुणी चाहते असतील, कुणाला त्यांचा राग असेल. पेंढाऱ्यांचा चाहता इथे कुणी नसावा. त्यामुळे त्यांची टोळी आपण उघडून, तिचे सुटे भाग टेबलावर मांडून शांतपणे बघू शकतो.

'पेंढारी' हा शब्द आपल्या बोलण्यात अजून आहे. कुणी हावरटपणे ओरबाडायला लागलं की म्हातारी माणसं म्हणतात, काय पेंढाऱ्यासारखा लुटतोस! पण हे पेंढारी कोण होते, त्यांचा मालक कोण, त्यांच्यात हुकूम कुणाचा चालायचा, लुटीतला हिस्सा कुणाला मिळायचा, हे शाळेत कुणी सांगत नाही. पुस्तकात एक ओळ असते, इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा बंदोबस्त केला. संपलं.

आधी त्या काळचा वऱ्हाड डोळ्यांसमोर आणा. वऱ्हाडाचे दोन भाग मानले जात, खालचा पयनघाट आणि वरचा बालाघाट. आपलं वाशिम बालाघाटातलं. हा भाग गरीब नव्हता. 1769 साली माधवराव पेशवे आणि नागपूरचे जानोजी भोसले यांच्यात तह झाला. त्या तहात भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल वाशिम आणि बाळापूरचं कापड द्यावं असं कलम होतं. म्हणजे इथल्या विणकरांच्या हातचा माल थेट तहात लिहिला जाण्याइतका नावाजलेला होता. जिथे कापड, कापूस, ज्वारी आणि बाजारपेठ, तिथे लुटारूची नजर जाणारच.

वऱ्हाडावर निजाम आणि भोसले दोघांचा हक्क होता. दोघंही वसुली करायचे. मग 1803 साल आलं. अडगावची लढाई, गाविलगडचा पाडाव, देवगावचा तह, सुर्जी-अंजनगावचा तह, हे सगळं याच वऱ्हाडात अवघ्या महिन्याभरात घडलं. भोसले आणि शिंदे इंग्रजांपुढे हरले. वऱ्हाड निजामाकडे गेला. हरलेल्या राजांच्या फौजा कमी झाल्या, पगार थकले. घोडा आहे, भाला आहे, पण चाकरी नाही, असे हजारो लोक रस्त्यावर आले. पेंढाऱ्यांच्या टोळ्या याच काळात फुगल्या. बेकार तरुण आणि ढासळलेलं राज्य, टोळीला एवढंच खतपाणी लागतं.

पेंढारी मात्र त्याआधीपासून होते. ते मराठा फौजांबरोबर चालायचे. शत्रूच्या मुलखात शिरायचं, रसद तोडायची, चारा आणि जनावरं पळवायची, गावं जाळायची, ही त्यांची कामं. त्यांना पगार नव्हता. लुटायची परवानगी हाच पगार. आणि ही परवानगीही फुकट नव्हती. लुटीतला एक भाग राजाकडे जमा करावा लागे, त्याला 'पालपट्टी' म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता टोळीची रचना. तिचे तीन मजले आहेत.

सगळ्यात वरच्या मजल्यावर आश्रयदाता. पेंढाऱ्यांचे मुख्य दोन गट होते, शिंदेशाही आणि होळकरशाही. नावातच मालक कोण ते लिहिलेलं आहे. शिंदे आणि होळकरांनी त्यांना नर्मदेच्या काठी, नेमावर, सातवास या भागात जमिनी दिल्या, राहायला जागा दिली. लूट करायला तिथून निघायचं आणि परत तिथेच यायचं. सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी या मोहिमेत होता, त्यानं मध्य भारतावर मोठा ग्रंथ लिहिला. तो नोंदवतो की होळकरांच्या दरबारात पेंढारी सरदाराला राजासमोर बसायची परवानगी नसे. हा बारकावा मला फार बोलका वाटतो. ज्याच्या नावानं गावं थरथर कापत, त्याला मालकासमोर उभं राहावं लागे. माल चालतो, माणूस चालत नाही.

मधल्या मजल्यावर सरदार. चितू, करीम खान, दोस्त महंमद, वासिल महंमद ही त्यातली मोठी नावं. सरदार घराण्यातून आले होते का? काही आले होते. करीम खानाचा बाप पेंढाऱ्यांचा सरदार होता. दोस्त आणि वासिल हे हिरू नावाच्या जुन्या सरदाराचे मुलगे. पण चितूची गोष्ट वेगळी. माल्कमच्या म्हणण्याप्रमाणे तो मेवातकडचा जाट. दुष्काळात लहानपणी विकला गेला आणि एका पेंढाऱ्यानं त्याला वाढवलं. हा विकला गेलेला पोरगा पुढे सगळ्यात मोठ्या टोळीचा मुख्य झाला, दौलतराव शिंद्यांनी त्याला नवाबाची पदवी दिली. सिनेमावाल्यांना अशीच गोष्ट हवी असते, शून्यातून वर आलेला माणूस. ती खोटी नाही. पण हजारो स्वारांमागे असा एक चितू निघतो. बाकीच्यांची गोष्ट कुणी लिहीत नाही, कारण त्यांची नावंच कुणाला माहीत नाहीत.

तिसरा मजला या बिननावाच्या स्वारांचा. दसरा झाला, नद्यांचं पाणी उतरलं की घोड्यांना नाल ठोकायचे आणि निघायचं. एका टोळीत हजार, दोन हजार, कधी तीन हजार माणसं. तंबू नाहीत, सामान नाही. खोगिराला बांधलेलं थोडं धान्य आणि भाकरी. दिवसाला चाळीस-पन्नास मैल मजल मारायची. या हजार माणसांतही सगळे सारखे नव्हते. साधारण चारशेंकडे बरा घोडा आणि बरं हत्यार. त्या चारशेंत दर पंधरा माणसांमागे एखादी बंदूक, बाकीच्यांकडे लांब भाले. उरलेले सहाशे कोण? खराब तट्टांवरचे नोकर, गुलाम, आणि काहीतरी हाती लागेल म्हणून मागे लागलेले लोक. म्हणजे ज्या फौजेची एवढी दहशत होती, तिच्यातली निम्म्याहून जास्त माणसं फक्त आकडा वाढवायला होती.

प्रत्येक मोहिमेसाठी एक अगुवा निवडला जाई. तो नेहमी मोठा सरदारच असे असं नाही. ज्याला वाटा माहीत, उतार माहीत, कुठल्या गावात किती धन आहे याची खबर, त्याच्यामागे लोक जात. म्हणजे नेतृत्व हे विश्वासावर चालायचं, पण विश्वास एकाच गोष्टीचा. हा आपल्याला माल मिळवून देईल आणि जिवंत परत आणेल. एका मोहिमेत माल नाही मिळाला की पुढच्या दसऱ्याला स्वार दुसऱ्या झेंड्याखाली. त्यांना बांधून ठेवणारं दुसरं काहीच नव्हतं.

परत आल्यावर हिशेब होई. मालकाचा हिस्सा वेगळा. अगुव्याचा मोबदला वेगळा. मग सावकाराचं देणं, कारण घोडा आणि हत्यार बऱ्याचदा उधारीवर घेतलेलं असे. उरेल ते आपलं. मग छावणीत बाजार भरे, व्यापारी येत आणि लुटीचा माल पडेल त्या भावानं विकला जाई. हा विक्रीचा व्यवहार पुष्कळदा पेंढाऱ्यांच्या बायका बघत. लुटीवर मोठा फायदा कुणाचा झाला असेल? ज्यानं भाला घेतला त्याचा, का ज्यानं तो माल स्वस्तात घेऊन दुसऱ्या गावात महाग विकला त्याचा? त्या व्यापाऱ्याला कुणी पेंढारी म्हटलं नाही.

आता एक प्रश्न तुमच्या मनात असेल, तो मीच मांडतो. सरदारांची नावं मुसलमानी आहेत. मग ही मुसलमानांची टोळी होती का? नव्हती. सरदार बहुतेक मुसलमान होते हे खरं. पण स्वारांत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते, आणि कुणीही येऊन सामील होऊ शकत होतं. त्यांचे मालक शिंदे आणि होळकर, हे मराठा राजे. त्यांनी लुटलेली गावं हिंदूंचीही होती आणि मुसलमानांचीही. भोपाळ हे तर मुसलमान नवाबाचं राज्य, तेही त्यांनी सोडलं नाही. 1795 साली खर्ड्याला निजामाचा पराभव झाला तेव्हा करीम खान मराठ्यांच्या बाजूनं निजामाच्या छावणीवर तुटून पडला होता. एवढी लूट आपल्याला पुन्हा कधी मिळाली नाही, असं तो पुढे सांगत असे. टोळीला धर्म नसतो, हे वाक्य आपण गुळगुळीत केलं आहे, म्हणून मी वेगळ्या शब्दांत सांगतो. टोळीला धर्म चालतो, पण झेंड्यापुरता. हिशेबाच्या वेळी तो बाहेर ठेवतात.

आता या मजल्यांवरची माणसं एकमेकांशी कशी वागायची ते पाहू. तीन प्रसंग सांगतो.

पहिला प्रसंग हिरू आणि बुरान यांचा. हे पेंढाऱ्यांचे जुने सरदार. भोपाळच्या दिवाणाकडे त्यांनी चाकरी मागितली, ती मिळाली नाही. मग ते नागपूरला रघूजी भोसल्यांकडे आले. रघूजींनी सांगितलं, भोपाळचा मुलूख लुटा. त्यांनी तो अक्षरशः धुऊन काढला. परत आल्यावर भोसल्यांनी त्यांच्याच छावणीला वेढा घातला, लूट काढून घेतली, बुरानला कैद केलं. बुरान कैदेतच मेला. हिरू पळून शिंद्यांकडे गेला आणि 1800 साली बऱ्हाणपूरला वारला. लुटायचा हुकूम देणारा आणि लुटारूला लुटणारा एकच माणूस.

दुसरा प्रसंग करीम खानाचा. हा इतका वाढला की शिंद्यांनाच त्याची भीती वाटायला लागली. 1806 च्या सुमारास दौलतराव शिंदे त्याच्या भेटीला आले. करीमनं त्यांच्यासाठी सव्वा लाख रुपयांचा चबुतरा रचला, त्यावर भारी कापड अंथरलं, शिंद्यांना त्यावर बसवलं आणि ते सगळे रुपये नजर केले. आता आपण बरोबरीचे झालो असं त्याला वाटलं असणार. त्यानं आणखी परगणे मागितले. शिंद्यांनी गोड बोलून त्याला परतभेटीला बोलावलं. थोड्या माणसांनिशी तो गेला आणि पकडला गेला. बाहेर त्याची छावणी लुटली गेली. चार वर्षं तो ग्वाल्हेरच्या किल्ल्यात होता. शेवटी सहा लाख रुपये भरून सुटला. त्याच्या स्वारांचं काय झालं? काही पळाले, काही दुसऱ्या सरदारांकडे गेले. आपल्या सरदाराला सोडवायला कुणी किल्ल्यावर चाल केली नाही.

तिसरा प्रसंग चितू आणि करीम यांचा. सुटून आल्यावर करीमनं चितूशी हातमिळवणी केली. दोघे एकत्र आले म्हणजे नागपूरची खैर नव्हती. नागपूरकरांनी चितूला जहागीर देऊन फोडलं. चितू शिंद्यांच्या फौजेबरोबर करीमवर चालून गेला. करीम पळून अमीर खानाकडे गेला. अमीर खान हा रोहिलखंडातला पठाण, भाडोत्री फौजेचा सेनापती. त्यानं आश्रय देण्याऐवजी करीमला होळकरांच्या कैदेत पोचतं केलं. हे तिघंही मुसलमान होते, तिघंही एकमेकांना भाऊ म्हणत असतील.

या तीन गोष्टींतून टोळीच्या सत्तेचा नियम दिसतो. सरदाराची सत्ता दोन खांबांवर उभी असते. वरून परवानगी आणि खालून आशा. परवानगी गेली की तो कैदेत जातो. आशा गेली की स्वार निघून जातात. शौर्य, दिलदारी, शब्दाला जागणं ही टोळीची शोभा असते, पाया नसतो.

या सगळ्यात गावाचं काय होत होतं? पेंढारी लढायला येत नसत. ते अचानक येत, लपवलेलं धन कुठे आहे ते विचारत. सांगितलं नाही तर घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरून तो माणसाच्या तोंडाला बांधत आणि पाठीवर मारत, म्हणजे राख छातीत जाई. 1811 साली त्यांनी थेट नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन वस्त्या जाळल्या. विदर्भातल्या अनेक गावांतून मातीच्या जुन्या गढ्या अजून उभ्या आहेत. नागपूरकडच्या बहुतेक गढ्या याच धामधुमीत बांधल्या गेल्या असं जुन्या गॅझेटिअरमध्ये लिहिलेलं आहे. पेंढारी आले अशी हाक आली की माणसं आणि जनावरं गढीत, बाकी सगळं बाहेर सोडून द्यायचं. वाशिम जिल्ह्यातही एखादी गढी दिसली तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती कुणाच्या भीतीनं आणि कुणाच्या बिगारीवर उभी राहिली.

मार्च 1816 मध्ये पेंढारी कंपनीच्या ताब्यातल्या गुंटूरकडे गेले. इंग्रजांनी नंतर चौकशी केली. बारा दिवसांच्या आत 339 गावं लुटली गेली, 182 माणसं मारली गेली, 505 जखमी झाली आणि 3,603 लोकांचा छळ झाला. एवढे नेमके आकडे का आहेत? कारण मुलूख कंपनीचा होता, महसूल बुडाला होता. वऱ्हाडात वर्षानुवर्षं लूट झाली, तिची अशी मोजणी माझ्या वाचनात नाही. गरिबाचं दुःख मोजलं जाण्यासाठीही त्याचा मालक ताकदवान असावा लागतो. आणि हेही ध्यानात ठेवा की पेंढाऱ्यांबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक इंग्रजांनी लिहिलेलं आहे. पेंढाऱ्यांना राक्षस ठरवलं की स्वतःची फौज मध्य भारतात घुसवायला सबब मिळत होती. म्हणून ते सावधपणे वाचायचं. पण सावधपणे वाचणं म्हणजे लुटलेल्या गावाला खोटं ठरवणं नव्हे.

शेवटी 1817 साली गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जनं एक लाखाहून जास्त फौज चारी बाजूंनी आणली. शिंद्यांना करार करायला लावला. म्हणजे वरची परवानगी एका सहीनं संपली. त्यानंतर टोळी काही महिन्यांत विरघळली. कुणाचा शेवट कसा झाला ते नीट ऐका.

अमीर खानानं वेळेवर तह केला. तो टोंकचा नवाब झाला आणि ते संस्थान 1947 नंतर विलीन होईपर्यंत त्याच्या वंशजांकडे राहिलं. करीम खान फेब्रुवारी 1818 मध्ये माल्कमला शरण गेला. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. वासिल महंमद कैदेतून निसटायला बघत होता, ते जमलं नाही तेव्हा गाझीपूरला त्यानं विष घेतलं. चितू शरण गेला नाही. साथीदार एकेक करून गेले, आणि 1819 मध्ये अशीरगडाजवळच्या जंगलात तो एकटा असताना वाघानं त्याला खाल्लं.

आणि स्वार? त्यातले काही फौजेच्या गोळीला बळी पडले. काहींना गावकऱ्यांनीच मारलं. त्यांच्या घराच्या उंबऱ्यावर कुणी नवाबी घेऊन आलं नाही. जे वाचले त्यातल्या बऱ्याच जणांनी भोपाळ, नर्मदेच्या भागात नांगर धरला. माल्कमनंच लिहून ठेवलंय की काही वर्षांत ते शांत, कष्टाळू शेतकरी झाले. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात आशेची गोष्ट वाटते. ती माणसं जन्मजात लुटारू नव्हती. जमीन मिळाल्यावर त्यांनी पेरणी केली.

आता मुंबई. फार वेळ घेणार नाही, कारण रचना तुम्हाला आता ओळखता येईल.

1968 साली सोने नियंत्रण कायदा आला, सोन्यावर निर्बंध, आणि तस्करी हा सोन्याचा धंदा झाला. हाजी मस्तान गोदीतून वर आला. माल उतरायचा तर किनाऱ्यावर कुणीतरी डोळे मिटावे लागत. ही नवी पालपट्टी. पुढे टोळ्या वाढल्या, खंडणी, सुपारी, बिल्डर, सिनेमा. दाऊदच्या टोळीत छोटा राजन वर्षानुवर्षं होता. अरुण गवळीच्या दगडी चाळीत गिरण्या बंद पडून बेकार झालेल्या घरांतली मुलं होती. 1982 च्या संपानंतर गिरणगावात तेच झालं जे 1803 नंतर मध्य भारतात झालं. घोड्याऐवजी मोटारसायकल.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत दंगली झाल्या, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे 900 माणसं मेली, त्यात बहुसंख्य मुसलमान होते. समाज जखमी होता, संतापलेला होता. टोळीनं तो संताप उचलला. रायगडच्या किनाऱ्यावर माल उतरला. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या आणि पैसे घेऊन सोडून दिल्या. पुन्हा पालपट्टी. 12 मार्च 1993 ला स्फोट झाले, 257 माणसं मेली. त्यात सगळ्या धर्मांची माणसं होती. दंगलीत ज्यांची घरं जळली त्यांना न्याय मिळाला का? उलट त्यांच्या तक्रारीचा आवाज त्या स्फोटात बुडाला आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून धरपकड सुरू झाली.

खटला चालला. दाऊद आणि टायगर मेमन देशाबाहेर. शिक्षा शंभर जणांना झाली. 21 मार्च 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. याकूब मेमनची फाशी कायम ठेवली, पण ज्यांनी प्रत्यक्ष बॉम्ब ठेवले होते अशा दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यामागचं कारण तुम्ही प्रत्येकानं वाचलं पाहिजे. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की दाऊद, टायगर आणि याकूब हे धनुष्य चालवणारे होते आणि ही गरीब, फारशी न शिकलेली पोरं त्यांच्या हातातले बाण होती. बाणाला नेम धरता येत नाही आणि सुटल्यावर परतही येता येत नाही.

शेवटी आपल्या वाशिमकडे येतो. इथे दाऊद नाही. पण क्रिकेटचा सट्टा आहे, रेती आहे, गुटखा आहे, आणि हल्ली एक नवीन प्रकार आला आहे, बँकेचं खातं भाड्यानं देणं. कुणीतरी 'भाई' म्हणतो, तुझं खातं, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला काही हजार घे, तुला काही करायचं नाही. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो. तपास सुरू झाला की पहिलं दार ज्याचं नाव खात्यावर आहे त्याचं वाजतं. धनुष्यवाला तोवर दुसऱ्या गावात दुसरं खातं शोधत असतो.

म्हणून कुणी तुम्हाला 'आपला माणूस' म्हणून बोलावलं, तर चार प्रश्न विचारा. याला वरून परवानगी कुणाची आहे? हिशेब कोण ठेवतं? पकडलो गेलो तर कागदावर नाव कुणाचं असेल? आणि याच्यासाठी आधी काम केलेली पोरं आज कुठे आहेत? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्या पोरांच्या घरी जाऊन या. त्यांच्या आईशी बोला.



प्रश्न : पेंढारी इंग्रजांविरुद्ध लढले, म्हणजे ते एक प्रकारे स्वातंत्र्यसैनिकच नाहीत का?

उत्तर : असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचा हेतू इंग्रजी लिखाणाला उत्तर देण्याचा आहे, तो मी समजू शकतो. पण माझी कसोटी सोपी आहे. भाला कुणावर रोखला? बारा दिवसांत ज्या 3,603 लोकांचा छळ झाला ते इंग्रज नव्हते. ते शेतकरी, विणकर, वाणी होते. इंग्रजी फौज समोर आली की पेंढारी पळत, हा त्यांचा नियमच होता. इंग्रजांनी त्यांना जेवढं काळं रंगवलं तेवढे ते नसतील. पण म्हणून आपण त्यांना पांढरं रंगवायची गरज नाही. आपल्याला आदर्श हवे असतील तर ते शोधायला लुटारूंच्या यादीत जावं लागत नाही.

प्रश्न : पण भाई लोक गरिबांना मदत करतात, लग्नं लावून देतात, दवाखान्याचा खर्च करतात. सरकार काय करतं?

उत्तर : मदत करतात हे खरं आहे आणि ज्याला ती मिळाली त्याची कृतज्ञताही खरी आहे. तिची थट्टा करू नये. पेंढारी सरदारही पैसा देत होते, करीम खानानं तर सव्वा लाखाचा चबुतरा शिंद्यांना नजर केला. प्रश्न एवढाच विचारायचा की तो पैसा कुठून आला. एका मुलीच्या लग्नाला जे दहा हजार दिले, ते दुसऱ्या एखाद्या बापाकडून सट्ट्यात किंवा खंडणीत घेतलेले आहेत. तो बापही याच मोहल्ल्यातला आहे. आणि सरकार काही करत नाही, हा तुझा राग शंभर टक्के बरोबर आहे. शिष्यवृत्ती मिळाली नाही, रेशन मिळालं नाही, दवाखान्यात औषध नाही, तर माहितीचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे, नगरपरिषद आहे. हे रस्ते लांब आहेत, कंटाळवाणे आहेत, त्यावर कुणी सिनेमा काढत नाही. पण या रस्त्यावर तुझं नाव अर्जाखाली येतं, आरोपपत्रात नाही. उद्या सकाळी असा एक अर्ज लिहायचा असेल तर शिबिर संपल्यावर थांबा. कागद आणि पेन इथे आहे, आपण बसून लिहू.